नावाने हाक मारणाऱ्या इंगळे मॅडम

पहिल्या भेटीत मी सुनंदाताई इंगळे यांना माझे नाव सोडून बाकी सगळे सांगितले होते. कॉलेज कोणते, विशेष विषय कोणता, उन्हाळी इंटर्नशिप किती दिवसांची, शेवटी सादर करायच्या अहवालाचा मथळा काय, हे सारे अमरावतीहून अकोल्याला येताना एसटीत घोकलेले होते. ते मी इंग्रजीत एका दमात म्हणून टाकले. मॅडम तेव्हा आमच्या बँकेच्या अकोला शाखेच्या शाखाधिकारी होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "ते सारं झालं. नाव काय तुह्यं?"

"पल्लवी."

"कोनाची?"

"भुयार. परतवाड्याची."

"हां, आता कशी मानसावानी बोलली! बस, पल्लवी. आधी पानी पे. बाहेर आग लागून राहिली, अन् तू कोट घालून कावून आली वं?"

तो काळा कोट कॉलेजने सांगितला होता. बँकेत जायचे तर असेच जायचे, असे आमच्या प्राध्यापकांचे मत होते आणि ते स्वतः मे महिन्यात कधी अकोल्याला गेले नसावेत. मी कोट काढला, तो मॅडमनी आपल्या खुर्चीच्या पाठीला टांगला आणि इंटर्नशिप संपेपर्यंत तो तिथेच राहिला. अधूनमधून कोणी विचारले की त्या सांगायच्या, "नव्या साहेबाचा हाय. साहेब आत यायचे हायेत."

सुनंदाताई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्याच महिन्यात बँकेतून सेवानिवृत्तही होत आहेत. त्यानिमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या ज्येष्ठांचे लेख आहेत. माझा अधिकार त्या मानाने अगदीच थोडा. मी त्यांची एका उन्हाळ्याची विद्यार्थिनी. संपादक मंडळाने मला 'सुनंदाताईंची कार्यपद्धती' या विषयावर लिहायला सांगितले आहे. तो शब्द मॅडमना कळवला तेव्हा त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "मायी कसली पद्धत? मी त नुसती वरडत राहतो." त्या ओरडण्याबद्दलच मी लिहिणार आहे. पुढे ज्यांची हकीकत येते त्या गोदावरीबाईंना आणि खुद्द मॅडमना हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे. दोघींनीही हरकत घेतली नाही.

पहिल्या दिवशी मी विचारले, "मॅडम, मी कुठे बसू?" मला वाटले होते एखादे टेबल मिळेल, संगणक मिळेल, निदान एक स्टूल तरी. मॅडमनी काउंटरच्या बाहेर ग्राहकांसाठी ठेवलेल्या लाकडी बाकड्याकडे बोट दाखवले. म्हणाल्या, "तिथी बस. आतून बँक दिसत नाही, रांगच दिसते. पहिला आठवडा काहीच करू नको. फक्त बस अन् आयक."

मला तो अपमान वाटला. बरोबरीची मुले मोठमोठ्या शहरांत वातानुकूलित मजल्यांवर बसून फोटो टाकत होती आणि मी अकोल्यात कूलरच्या वाऱ्याच्या टोकाला, जिथे वारा पोचायच्या आधीच तापायचा, अशा बाकड्यावर. पण बसले. दोन-तीन दिवसांत लक्षात आले की बँकेत आलेला माणूस काउंटरवरच्या माणसाला जे विचारत नाही ते शेजारच्याला विचारतो. स्लिप परत आली की मागे वळून म्हणतो, "काय म्हनलं बावा त्यानं?" शेजारच्यालाही ते माहीत नसते, तरी तो काहीतरी सांगतो आणि पहिला माणूस त्या सल्ल्यानुसार उन्हात भलत्याच कचेरीकडे चालू लागतो. हे मी मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. "हेच पाहाले तुले बसवलं!" त्यांच्या शाखेत 'नाही' म्हणण्याची एक शिस्त होती. काय कमी आहे, ते कुठे मिळेल आणि परत आल्यावर कोणाला भेटायचे, एवढे सांगितल्याशिवाय कोणत्याही ग्राहकाला दारातून बाहेर जाऊ द्यायचे नाही. नवीन लागलेल्या एका कारकुनाने एकदा घाईत ते टाळले, तर मॅडम स्वतः रस्त्यावर जाऊन त्या म्हाताऱ्या गृहस्थांना हात धरून परत घेऊन आल्या होत्या.

माझ्या अहवालाचा विषय 'ग्राहक समाधान' असा होता. त्यासाठी मी प्रश्नावली छापून आणली होती, एक ते पाच गुण द्यायचे. पहिल्याच आजीबाईंना विचारले, "आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?" त्या म्हणाल्या, "एक ते पाचात काय सांगू माय? आधी हा पंखा त सुरू कर." मॅडमनी ते केबिनमधून ऐकले आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. पंखा मात्र त्याच दिवशी दुरुस्त झाला.

आता हाक मारण्याविषयी. मुख्य कार्यालयाने शाखेत टोकनचे यंत्र बसवले होते. ते गोड आवाजात क्रमांक सांगायचे. मॅडमचा यंत्राशी काही वैरभाव नव्हता. यंत्र बोलून झाले की त्या केबिनच्या दारात उभ्या राहून तोच माणूस नावाने पुकारायच्या, एवढेच. "सदाशिवभाऊ, तुमचा नंबर आला! रुक्माबाई, उठा आता, किती वेळ बसता!" यंत्राने बोलावलेली माणसे दचकून हातातला कागद पाहायची आणि मॅडमनी बोलावलेली नुसती उठायची. त्यांचा आवाज खणखणीत, बोली अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून तपासणीला आलेल्या एका वरिष्ठांना पहिल्या तासात वाटले की शाखेत भांडण लागले आहे. ते घाबरून केबिनबाहेर आले, तर मॅडम एका ग्राहकाला चहा घेणार का, असे विचारत होत्या.

त्यांच्यात दोष नाहीत असे लिहिले तर त्या स्वतःच मला फोन करतील. संगणकाचा पासवर्ड त्यांना आजतागायत कधी पहिल्या फेरीत आठवलेला नाही. चष्मा कपाळावर असतानाच त्यांनी सगळ्या शाखेला तो शोधायला लावल्याचे मी स्वतः पाहिले आहे. चहा किती घेतात ते विचारू नये. आणि रागावल्या की आधी रागावतात, कारण नंतर विचारतात. पण चूक आपली निघाली की ज्या आवाजात रागावल्या त्याच आवाजात सगळ्यांदेखत सांगतात, "चुकलं माहं." असे म्हणणारे वरिष्ठ मी नंतर फारसे पाहिले नाहीत.

मी अकोल्यात एका ओळखीच्यांकडे खोली घेऊन राहत होते. उन्हाळ्यामुळे जवळची खानावळ बंद, म्हणून दुपारी बिस्किटे खाऊन भागवत होते. मॅडमनी ते कधी पाहिले कळले नाही. एके दिवशी त्यांच्या हातात दोन डबे होते. म्हणाल्या, "आमच्या घरी भाकरी तुहे काका करतात. त्यायले अंदाज येत नाही, जास्तच करून ठेवतात. वाया जाते, खाऊन टाक." इंगळे काका म्हणजे माधवराव, निवृत्त शिक्षक. पुढे त्यांच्या घरी गेले तेव्हा कळले की काकांचा अंदाज पक्का आहे, भाकरी नेमकी लागेल तेवढीच होते. माझी भाकर ते रोज मुद्दाम वेगळी थापत होते, सोबत ठेचा आणि कांदा. कांदा खिशात ठेवायचा, ऊन लागत नाही, हा निरोपही रोज असायचा.

अशातच एका मंगळवारी माझ्या शेजारी बाकड्यावर एक बाई येऊन बसल्या. पंचेचाळीशी-पन्नाशीच्या असाव्यात. भल्या सकाळी बाजारात भाजी विकून थेट आल्या होत्या. पायाशी रिकामे टोपले, त्यात कोथिंबिरीची उरलेली एक जुडी. घाम पुसायला त्यांनी पदर वर केला तेव्हा उजव्या भुवईवर एक जुनी, पांढरट खूण दिसली. त्यांनी मला निम्मी जुडी दिली आणि आपली अडचण सांगितली.

त्यांच्या मुलीचा अमरावतीला नर्सिंगसाठी नंबर लागला होता. शुक्रवार ही फी भरायची शेवटची तारीख. घरचे म्हणत होते, कशाला शिकवता, दिवाळीनंतर लग्न उरकून टाकू. मुलगाही पाहून ठेवलेला होता. पण बाईंच्या वडिलांनी त्यांच्या लग्नाआधी या शाखेत त्यांच्या नावाने खाते काढले होते आणि वारण्यापूर्वी मळ्याचा एक तुकडा विकून लेकीच्या वाट्याचे त्यात टाकून ठेवले होते. भाऊ सरळ माणूस. त्याने आता ते पासबुक बहिणीला आणून दिले होते. नातीचे शिक्षण आजोबाच्या पैशातून होणार, एवढा साधा हिशेब.

तेवढ्यात यंत्राने त्यांचा क्रमांक पुकारला. काउंटरवर सहायक शाखाधिकारी गुल्हाने साहेब होते. त्यांनी पासबुक पाहिले, आधार कार्ड पाहिले, पुन्हा पासबुक पाहिले.

"बाई, खाते गोदावरी नामदेव बोबडे यांचे आहे. तुम्ही लक्ष्मी गजानन ठोसर."

"मीच त आहो जी गोदावरी. लग्नात नाव बदललं. मालकानं तांदळात अंगठीनं लक्ष्मी लिहिलं, मंग तेच झालं."

"लग्नाची नोंदणी?"

"तवा कुठी व्हती जी नोंदनी?"

"मग दुसरा काही पुरावा?"

"आता मी मलेच कुठून आनू?"

गुल्हाने साहेबांचे काही चुकत नव्हते, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण तेही या ग्रंथात लेखक आहेत. कार्डावरचे एकही नाव पासबुकाशी जुळत नव्हते. खात्यावरचा फोटो दोन वेण्या घातलेल्या मुलीचा होता आणि समोर उभी असलेली बाई ती मुलगी असेल असे कोणीही शपथेवर सांगितले नसते. उद्या खरी गोदावरी दारात येऊन उभी राहिली असती तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता. त्यांनी शाखेच्या शिस्तीप्रमाणे कोणते कागद लागतील ते नीट सांगितले. ते गोळा करायला महिना तरी गेला असता. बाई बाकड्याजवळ आल्या, टोपले उचलले आणि मला म्हणाल्या, "जातो मी, बाई. पोरीले सांगतो, नशिबात नाही."

मी धावत केबिनमध्ये गेले आणि सगळे सांगितले. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "माहेरचं नाव काय म्हनली?" मग त्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई दरवाजापर्यंत पोचल्या होत्या, आमच्याकडे पाठ. मॅडमनी त्यांच्या त्या आवाजात, पण मी कधी न ऐकलेल्या सुरात हाक मारली. शेताच्या लांबच्या धुऱ्यावरून, बांधावरून कोणी घरच्या पोरीला बोलवावे, तशी.

"गोदे! ओ गोदे!"

"ओ!" म्हणून बाई गर्रकन वळल्या.

वळल्यावर त्यांनाच कळले की आपण काय केले. त्यांनी टोपले खाली ठेवले आणि तोंडाला पदर लावून उभ्याउभ्याच रडू लागल्या. यंत्र मात्र पुढचा क्रमांक सांगून मोकळे झाले. बाई म्हणाल्या, "बाबा गेल्यापासून असी हाक कोनी मारली नाही, मॅडम."

गुल्हाने साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, याला केवायसी म्हणता येत नाही."

"मले मालूम हाय, साहेब. केवायसी आता करू. आधी मानूस कोन हाय ते त समजलं!"

पुढचे काम नियमातच होते आणि मॅडमनी नियमाच्या रेघेबाहेर पाऊल टाकले नाही, हे नव्या पिढीच्या बँक कर्मचाऱ्यांसाठी सांगायला हवे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, माहेरच्या ग्रामपंचायतीचा दाखला आणि शाखाधिकाऱ्याने स्वतः जाऊन केलेली पडताळणी, अशी एक वाट नियमांत होती. ती फारशी कोणी वापरत नसे, कारण तिच्यासाठी खुर्चीतून उठावे लागते. गुल्हाने साहेबांनी प्रतिज्ञापत्राचे अंगावर घेतले आणि बाईंना आपल्या स्कूटरवर मागे बसवून, टोपल्यासह, कचेरीत नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि मी बाईंच्या माहेरच्या गावी जायला पातूरच्या रस्त्याला लागलो.

गावात शिरल्यावर मॅडम आधी ग्रामपंचायतीत गेल्या नाहीत. एका अंगणात चार-पाच म्हाताऱ्या खाटेवर कुरड्या घालत होत्या, तिथे जाऊन बसल्या. दोन कुरड्या स्वतः घातल्या. त्या वाकड्या झाल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. मग विचारले, "नामदेव बोबड्याची पोरगी कोनाले आठवते काय?"

"गोदी? तिले कोन भुलन!" एका आजींनी हातातला साचा खाली ठेवला. "पोयाले बैल सजवाची. तिच्याबिगर त्यायचा बैल हालत नव्हता. कावून? बरी हाय न पोरगी?"

"बरी हाय. पन तीच हाय हे कसं वयखाचं? आता बुढी झाली न ते बी."

"नागपंचमीले झोक्यावरून पडली व्हती. या अंगाले खोक हाय पाहा." आजींनी बोट आपल्या उजव्या भुवईवर ठेवले. "आमीच हयद भरली व्हती त्याच्यात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्या बाकड्यावर मला पहिल्या आठवड्यात कशाला बसवले होते, ते मला तेव्हा पुरते समजले.

मॅडमनी सांगितले की सासरी तिला लक्ष्मी म्हणतात. आजींनी पुन्हा साचा उचलला. मग म्हणाल्या, "असं व्हय? आमाले कोनी सांगितलंच नाही." मग दाखल्याचे काम झाले, सरपंचांनी सही केली, त्या आजींनी आणि शेजारच्या एका गृहस्थांनी जबाब दिला. निघताना आजींनी मॅडमच्या हातात वाळलेल्या कुरड्यांचे पुडके ठेवले आणि बजावले, "गोदीले द्या. लक्षुमीले नका देऊ."

परतीच्या एसटीला वेळ होता. थांब्याजवळच्या रसवंतीवर आम्ही बसलो. मी मॅडमना विचारले, ती हाक मारायचे तुम्हाला सुचले कसे? त्या ग्लास हातात फिरवत राहिल्या. 

"मायं नाव सुनंदा नाही, पल्लवी," त्या म्हणाल्या. "मायं नाव द्रौपदी. आजीनं ठेवलं व्हतं. बाबा वावरातून दुर्पते म्हनून बोलवत. लग्न ठरलं तवा सासूबाई म्हनाल्या, बाकी सारं पसंद हाय, पन द्रौपदी नको, घरात महाभारत नको. मंग तुह्या काकानं तांदळात सुनंदा लिहिलं. त्यायचं अक्षर चांगलं हाय, मास्तर न!"

मी हसले. त्याही हसल्या, मग थांबल्या. पदवीपर्यंतची सगळी प्रमाणपत्रे द्रौपदीच्या नावाची. लग्नानंतर बँकेची परीक्षा दिली ती त्याच नावावर. पास झाल्या, पण रुजू व्हायला गेल्या तेव्हा सगळे नवे कागद सुनंदाचे. समोरच्या साहेबांनी फाइल बाजूला सारली. नोकरी हातची जायची वेळ आली. तेव्हा त्यांचे वडील गावाहून आले, फेटा काढून हातात धरून साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या पोरीले मी वयखतो. तुमाले अजून कोन पायजे?" साहेबांना त्या माणसाची दया आली की धाक वाटला कोण जाणे, त्यांनी कागद पुरे करायला मुदत दिली. त्या मुदतीत मॅडमनी सगळे कागद सुनंदाच्या नावावर करून घेतले, नोकरी टिकली आणि त्या दिवसापासून द्रौपदी कोणत्याच दप्तरात उरली नाही.

"सासूबाई वाईट नव्हत्या, हं," त्या म्हणाल्या. "लेकीवानी पाहिलं मले. अन् सुनंदा नाव चांगलंच हाय. त्याच नावानं सारं मिळालं. पन बाबा गेले, मंग आई गेली. आता मले दुर्पता म्हननारं कोनीच राहिलं नाही. काल ते बाई म्हनली न, मलेच कुठून आनू? तवा मले वाटलं, हाक मारून पाहावं. येते का ते."

एसटी आली. कुरड्यांचे पुडके मॅडमनी अकोल्यापर्यंत मांडीवर धरून ठेवले.

शुक्रवारी सकाळी शाखा उघडायच्या आधीच गोदावरीबाई मुलीला घेऊन पायरीवर बसल्या होत्या. कागद पुरे होते. मॅडमनी पडताळणीच्या अहवालावर स्वतःच्या जबाबदारीवर सही केली, गुल्हाने साहेबांनी बरीच वर्षे व्यवहार नसल्याने बंद पडलेले खाते पुन्हा सुरू केले, कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट तयार झाला. मॅडमनी सल्ला दिला की पुढे त्रास नको, खात्यावर आता लक्ष्मी करून घ्या. बाई विचारात पडल्या. मग संकोचत म्हणाल्या, "दोन्ही ठेवता येते काय जी?" येत होते. खात्यावर 'गोदावरी उर्फ लक्ष्मी' असे नाव चढले. मायलेकी ड्राफ्ट घेऊन अमरावतीच्या गाडीला पळाल्या आणि कॉलेजची फीची खिडकी बंद व्हायच्या आत पोचल्या. ती मुलगी आज अमरावतीच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. लग्न तिने नोकरी लागल्यावर, आपल्या पसंतीने केले. मॅडम आणि मी लग्नाला गेलो होतो. तिथे तांदळाचे ताट आले तेव्हा गोदावरीबाईंनी जावयाला काय सांगितले ते मी ऐकले नाही, पण जावयाने अंगठीने मुलीचे होते तेच नाव लिहिले.

मी आज धामणगाव रेल्वेच्या एका शाखेत अधिकारी आहे. माझ्याकडेही उन्हाळ्यात विद्यार्थी येतात, कोट घालून. मी त्यांना बाकड्यावर बसवते. त्यांना अपमान वाटतो. वाटू द्या. दोन-तीन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी येऊन सांगायला लागतात की बाहेर लोक काय बोलतात, आणि मला अकोल्यातला तो टेबलावर आपटलेला हात आठवतो. नावाने हाक मारायला मात्र मला अजून मॅडमसारखे जमत नाही. माझा आवाज तेवढा पोचत नाही. सराव चालू आहे.

मॅडम, तुमच्याबद्दल मला वाटणारी माया मी तुमच्यासमोर कधी बोलू शकले नाही, कारण तुम्ही लगेच चहा मागवता. म्हणून इथे लिहिते. तुमच्यामुळे मला बँक आवडली. तुमच्यामुळे मला कळले की समोरचा माणूस कागदावर जुळत नसला तरी तो असतो, आणि त्याला कागदावर आणणे हेच आपले काम आहे. दुपारच्या त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे, काकांना तसे सांगावे.

या ग्रंथाच्या प्रकाशन सोहळ्याचे निवेदन माझ्याकडे आहे. सगळे वक्ते 'आदरणीय सुनंदाताई' म्हणतील, आणि ते योग्यच आहे. पण सत्कारासाठी मॅडमना व्यासपीठावर बोलवायची वेळ येईल तेव्हा मी ध्वनिक्षेपक खाली ठेवणार आहे आणि सभागृहाच्या मागच्या दारात जाऊन त्यांना माहेरच्या नावाने हाक मारणार आहे. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या टेबलावर चष्मा शोधू लागल्या. मला वाटले, काढून टाक म्हणतील. मग शोधताशोधताच म्हणाल्या, "लिही. पन हाक जोरात मार वं. एका कानानं कमी आयकू येते आता." चष्मा कपाळावरच होता.

जोरात मारीन, मॅडम. तुम्हाला आणि काकांना निरोगी, हसतखेळत, भरपूर चहाचे आयुष्य लाभो. शंभरी गाठाल तोवर आणि त्यानंतरही आम्ही अमरावती-अकोल्याची सगळी मंडळी तुम्हाला हाक मारत राहू. दुर्पताताई, तुम्ही फक्त ओ देत राहा.